त्रेचाळीस हजार दोनशे एक

मिस्त्रींना सगळे ओळंबा म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी खिशातला ओळंबा, दोरीला बांधलेलं ते वजन, काढायचे, भिंतीला लावायचे, एक डोळा मिटून बघायचे आणि म्हणायचे, "वरून दोन सूत बाहेर आहे." मग चहा. त्यांची बायको सांगायची, "मला बघायला आले तेव्हासुद्धा आधी भिंत बघितली, मग मला. भिंत वाकडी निघाली, म्हणून माझं जमलं."

अकराव्या वर्षी शाळा सुटली आणि सिमेंट-वाळूच्या मसाल्याची घमेली उचलायला लागले. पुढे फरशी बसवायला शिकले, मग टाइल, मग ते काचेच्या बारीक तुकड्यांचं नाजूक काम, जे गावात दुसऱ्या कुणाला जमायचं नाही. तीसपर्यंतचे पाढे मात्र त्यांना झोपेतून उठवून विचारले तरी येत. शाळेतून तेवढंच घेऊन निघालो, म्हणायचे. आणि एक नियम त्यांनी आयुष्यभर पाळला: भरतीचा तुकडा लावायचा नाही. कोपऱ्यात दोन बोटं जागा उरली की बाकीचे लोक टाइल कापून चिकटवतात आणि पुढे जातात. मिस्त्री आधी खोली मोजायचे, मग आकडेमोड करायचे, आणि मगच थापीला हात लावायचे. एका घरी न्हाणीघराची अर्धी जमीन त्यांनी स्वतःच उखडली होती, कारण दारापाशी शेवटची ओळ अर्धी येत होती. मालक म्हणाला, "तिथे पायपुसणं पडणार आहे हो." मिस्त्री म्हणाले, "तुम्ही टाकाल. मला मात्र ते उचलून बघावंसं वाटेल."

मी प्रसूतीच्या दवाखान्यात रेकॉर्डखोलीत कारकून होते. अडतीस वर्षं चाललेली जुनी इमारत बंद करून पाडायची ठरली आणि शेजारी नवी उभी राहिली. आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या मनात आलं, की नव्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर जुन्या दवाखान्यात जन्मलेल्या प्रत्येक बाळासाठी काचेचा एक तुकडा लावायचा. नाव नको, तारीख नको. फक्त तुकडा. खाली पितळी पाटी: "जितके तुकडे, तितकी बाळं. एक कमी नाही, एक जास्त नाही."

मोजायचं काम माझ्याकडे आलं. एकाहत्तर रजिस्टरं. चार महिने मी बोट ठेवून ओळी मोजल्या, एकदा पुढून आणि एकदा मागून. जन्मून लगेच गेलेलीही मोजली. जन्म तो जन्म. दोन्ही वेळा आकडा एकच आला: त्रेचाळीस हजार दोनशे.

मिस्त्रींना आकडा सांगितला तेव्हा ते नव्या इमारतीच्या दर्शनी दालनात भिंतीला ओळंबा लावून उभे होते. आकडा ऐकून त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि खुशीत म्हणाले, "बाई, आकडा कसला, सोनं आहे हे! कुठूनही धरा, सुटतो. दोनने जातो, तीनने जातो, पाचने जातो. सोळाने, पंचवीसने, सत्तावीसने. असा गुणी आकडा मी आजवर बघितला नाही."

दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर यादी लिहून आणली. त्रेचाळीस हजार दोनशे तुकडे आयतात बेचाळीस तऱ्हांनी मांडता येतात. त्यातून त्यांनी एक निवडली: आडवे दोनशे चाळीस, उभे एकशे ऐंशी. तुकडा चौदा मिलिमीटरचा आणि सांधा एक मिलिमीटरचा, म्हणजे भिंतीवर तीन मीटर साठ बाय दोन मीटर सत्तर. लोखंडी चौकट तयार होऊन भिंतीला लागली. वीस ओळी, वीस रांगा असे चारशे तुकडे एका जाड कागदावर पालथे चिकटवायचे, असे एकशे आठ कागद. पुढे तो कागद भिंतीवरच्या मसाल्यात दाबायचा, मसाला धरला की कागद भिजवून सोलून काढायचा. दुधाळ पांढऱ्यापासून गर्द हिरव्यापर्यंतच्या छटा त्यांनी पोत्यातच मिसळून टाकल्या होत्या. "बाळं काही रंग लावून रांगेत येत नाहीत," म्हणाले.

साठ कागद तयार झाले होते, तेव्हा त्या बाई आल्या.

भिंतीबद्दल वर्तमानपत्रात छापून आलं होतं, ते वाचून आल्या होत्या. पन्नाशीच्या, घरी पडदे शिवायचं काम करणाऱ्या. बोटाला सुईचे घट्टे. मला म्हणाल्या, "माझी मुलगी तुमच्या मोजणीत आहे का, तेवढं सांगा. बावीस वर्षं झाली. चार तास जगली."

तारीख त्यांनी सांगितली, मी रजिस्टर काढलं. त्या तारखेला त्यांचं नाव नव्हतं. मागे-पुढे आठवडाभर बघितलं. नव्हतं.

"बाई, दुसऱ्या दवाखान्यात तर नाही?"

"मी बाळंत कुठे झाले ते मला माहीत नसेल का?" आवाज चढला नाही, पण मी मान खाली घातली. मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी दवाखान्याच्या छतावरची पाण्याची टाकी फुटली होती. वॉर्डात घोटाभर पाणी. कळा येणाऱ्या बायकांना शेजारच्या शाळेत नेलं, वर्गातले बाक जोडून त्यावर निजवलं. त्यांची मुलगी सकाळी दहाला तिथे जन्मली आणि दुपारी दोनला गेली.

त्या शाळेशी झालेल्या पत्रव्यवहाराची फाइल शोधण्यात माझा पुढचा अख्खा दिवस गेला. फाइलीत एक दोनरेघी वही होती. दोन दिवसांत शाळेत झालेली सात बाळंतपणं कुण्या परिचारिकेने तिच्यात लिहून ठेवली होती. पाणी ओसरल्यावर त्यातली सहा रजिस्टरात उतरवली. सातवं बाळ तोवर गेलेलं होतं, ते वहीतच राहिलं.

मी दोनदा मोजलं होतं. पण रजिस्टरात होतं तेवढंच मोजलं होतं. कुणी रजिस्टरबाहेरही जन्मतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दर्शनी दालनात आम्ही सगळे जमलो. डॉक्टरीणबाई, बांधकामाचा इंजिनिअर, मी, पडदे शिवणाऱ्या त्या बाई. मिस्त्री खाली बसून कागदावर तुकडे चिकटवत होते. डॉक्टरीणबाईंनी त्या बाईंचा हात हातात घेऊन माफी मागितली. मग म्हणाल्या, "आपण असं करू. तुमच्या मुलीचा तुकडा पितळी पाटीत मधोमध बसवू. सगळ्यांच्या नजरेत येईल."

बाईंनी हात सोडवून घेतला. "वेगळं नको," म्हणाल्या. "त्या दिवशीही तिला वेगळंच ठेवलं होतं. ती सगळ्यांत असू दे."

इंजिनिअरने वही काढली. "मग एक ओळ वाढवावी लागेल. एकशे एक्क्याऐंशी ओळी. पण शेवटच्या ओळीत एकच तुकडा येणार, बाकीच्या दोनशे एकोणचाळीस जागा रिकाम्या दिसतील. तिथे कोरे पांढरे तुकडे भरू."

मिस्त्री पहिल्यांदा वर बघत म्हणाले, "म्हणजे न जन्मलेली दोनशे एकोणचाळीस बाळं लावू?"

"अहो मिस्त्री, एका तुकड्याचा प्रश्न आहे."

"एकाचाच आहे, म्हणून तर." गुडघ्यांवर हात टेकून ते उभे राहिले. "डॉक्टरबाई, मला थोडे दिवस द्या. हा नवा आकडाही कुठून तरी सुटत असेल. बघतो."

आणि ते त्रेचाळीस हजार दोनशे एकच्या मागे हात धुऊन लागले.

खिशातले फोन तेव्हा आले नव्हते, आणि आमच्या दवाखान्यात बेरजेचं यंत्रसुद्धा एकच, तेही औषधखोलीत. मिस्त्रींना त्याची गरजही वाटली नाही. टाइलच्या खोक्यांचे पुठ्ठे फाडून ते पाठच्या बाजूला भागाकार करायचे. सकाळी कामाला हात लावण्याआधी दोन, दुपारच्या सुट्टीत दोन, रात्री घरी जमतील तेवढे. वर भाजक, मध्ये गुणाकार, खाली जे राहील ते. बाकी हा शब्द ते वापरत नसत. "उरलेले" म्हणायचे, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे तुकडेच असायचे.

दोन, तीन, पाच यांचा निकाल उभ्या उभ्याच लागला. सातने चार उरले. अकराने चार. तेराने दोन. सतराने पुन्हा चार. "हे चार जण माझा पिच्छा सोडत नाहीत बघा," मला म्हणाले.

मी विचारलं, "मिस्त्री, सहाने, नऊने नाही बघितलंत?"

"कशाला? दोनांच्या रांगा होत नाहीत तर सहांच्या कुठून होणार? जे मोडून लहान होत नाहीत, तेवढेच आकडे तपासायचे." त्यासाठी त्यांनी एका पुठ्ठ्यावर टाइलसारख्या चौकटी आखून दोनशे सातपर्यंतचे आकडे लिहिले होते, आणि दोनचे, तीनचे, पाचचे, सातचे, अकराचे, तेराचे पाढे म्हणत एकेक चौकट खोडली होती. न खोडलेले सेहेचाळीस आकडे उरले होते.

"आणि दोनशे सातवरच का थांबलात?"

"बाई, आयताला दोन बाजू. दोनशे आठ गुणिले दोनशे आठ केलं तर आपल्या आकड्याच्या पुढे जातं. म्हणजे दोन्ही बाजू मोठ्या असूच शकत नाहीत. एक तरी दोनशे सातच्या आत येणार. ती सापडली नाही, तर दुसरीला शोधून काय करू?"

चौथी नापास झालेल्या माणसाकडून मी हे ऐकत होते. मी मॅट्रिक होते, आणि मला हे सुचलं नसतं.

पाचव्या दिवशी ते रेकॉर्डखोलीत जवळजवळ धावत आले. हातात पुठ्ठा. "सुटला! सत्तेचाळीसने सुटला! सत्तेचाळीस गुणिले नऊशे एकोणीस. उरले शून्य!" पट्टीने मोजूनही आले होते. सत्तर सेंटीमीटर उंच आणि पावणेचौदा मीटरहून थोडी लांब पट्टी. दर्शनी दालनापासून बाळंतिणींच्या वॉर्डापर्यंतच्या भिंतीवर हातभर जागा ठेवून अगदी नीट बसत होती. "चालत जाणाऱ्या बाईला शेवटपर्यंत सोबत होईल," म्हणाले. त्यांचा चेहरा असा फुललेला मी पहिल्यांदाच बघितला. डॉक्टरीणबाईंना सांगायला निघालेसुद्धा.

सवयीने मी गुणाकार पडताळला. मग पुन्हा केला. वाटलं, आपलं चुकत असू दे.

"मिस्त्री, जरा थांबा. नऊशे एकोणीस सत्ते किती?"

ते दारातच थांबले. ओठ हलले. "सहा हजार चारशे..." परत आले, पुठ्ठा टेबलावर ठेवला, पेन्सिल घेतली. हातचा धरताना घसरले होते. त्रेचाळीस हजार एकशे त्र्याण्णव. आठ उरत होते.

"आठ," ते म्हणाले. मला वाटलं, आता हा माणूस सोडून देणार. त्यांनी आकड्यावर रेघ मारली, खाली मोठ्या अक्षरात ८ लिहिलं आणि म्हणाले, "बरं झालं बाई, भिंतीवर चढायच्या आधी सापडलं. इथे चुकलो म्हणजे आधीही चुकलो असेन. दोनपासून पुन्हा करतो."

आधीचे चौदा त्यांनी खरोखर पुन्हा केले. प्रत्येक भागाकार उलटा गुणून बघितला. मग त्रेपन्न: सहा उरले. एकोणसाठ: तेरा. एकसष्ट: पुन्हा तेरा. पुढे पुढे आकडे जड होत गेले, त्या भाजकांचे पाढे कुणालाच येत नसतात, मग आधी पाढा बनवायचा आणि नंतर भागायचं. कधी एकशे चाळीस उरायचे, कधी पंधरा. इंजिनिअर जाता-येता विचारायचा, "काय ओळंबा, सुटलं का गणित?" आता तोंडावरच म्हणायला लागला होता. मिस्त्री मान वर न करता सांगायचे, "एकशे सदुसष्टवर आहे."

अकराव्या दिवशी शेवटचा भाजक आला: एकशे नव्व्याण्णव. अठरा उरले. सगळे संपले.

सेहेचाळीस पुठ्ठे त्यांनी जमिनीवर ओळीने मांडले आणि त्यांच्यापुढे मांडी घालून बसले. मी म्हटलं, "माझे दीर कॉलेजात गणित शिकवतात. त्यांना दाखवू या का?"

"दाखवा. चुकलो असेन तर बरंच आहे."

रविवारी भाऊजी आले. पुठ्ठ्यांमधून वाकून वाकून फिरले, एकेक गुणाकार तपासला. मग चष्मा काढला. "हे सगळं तुम्ही एकट्याने केलंत?"

"बाईंनी एकदा पकडलं. सत्तेचाळीसला."

"मिस्त्री, एकही चूक नाही. ही मूळ संख्या आहे. स्वतः आणि एक, याखेरीज तिला कुणीच भागत नाही. तुम्हीच काय, जगातला कुणीही माणूस इतके तुकडे आयतात मांडू शकणार नाही. एकच लांबलचक ओळ लावलीत तर गोष्ट वेगळी."

"साडेसहाशे मीटर होईल," मिस्त्री म्हणाले. हिशोब त्यांनी आधीच केला होता. "आणि गंमत बघा. एक कमी होता तेव्हा बेचाळीस तऱ्हा होत्या. एक पोर आली आणि सगळ्या दारांना कड्या."

"दोन भाग करा ना मग," मी म्हटलं. "दोन आयत."

"ते काय, कसेही होतील. हजार तऱ्हांनी होतील. पण कुठे कापायचं ते मी ठरवणार. उद्या कुणी विचारलं, मिस्त्री, ही बाळं इकडे आणि ती तिकडे का? तर काय सांगू, माझी मर्जी?"

भाऊजी पुठ्ठ्यांकडे बघत उभे होते. एकदम म्हणाले, "थांबा. चारने भागलं तर किती उरतात?"

"एक."

"मग तुमच्या मर्जीची गरज नाही. चारने भागून एक उरणारी कुठलीही मूळ संख्या घ्या, तिचे दोन पूर्ण चौरस होतातच. हे दोनशेहून जास्त वर्षांपूर्वी सिद्ध झालेलं आहे. आणि एकाच तऱ्हेने होतात. दुसरी तऱ्हा नसतेच."

मिस्त्री हळूहळू उठले. "एकाच तऱ्हेने? म्हणजे कुठे कापायचं ते आकडाच सांगतो?"

"हो. फक्त ते दोन चौरस किती किती बाजूंचे, हे मला तोंडपाठ नाही. शोधावं लागेल."

"तुम्ही चहा घ्या," मिस्त्री म्हणाले आणि कोरा पुठ्ठा ओढला.

वरून सुरुवात केली. दोनशे सात गुणिले दोनशे सात, उरले तीनशे बावन्न. त्याचा चौरस होत नाही. दोनशे सहा: सातशे पासष्ट, नाही. दोनशे पाच, चार, तीन: नाही, नाही, नाही. दोनशे दोनला दोन हजार तीनशे सत्त्याण्णव उरले. "एकोणपन्नासचा चौरस चोवीसशे एक," ते पुटपुटले, "चारने हुकला. हेच ते चार!" दोनशे एकला नऊने हुकला. दोनशेला तर फारच. मग एकशे नव्व्याण्णव. चाळीस हजारांतून तीनशे नव्व्याण्णव वजा. एकोणचाळीस हजार सहाशे एक. उरले...

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"तीन हजार सहाशे. साठ साठे."

भाऊजींचा कप अजून अर्धा भरलेला होता. अकरा दिवस आणि सेहेचाळीस भागाकार यांनी जे दिलं नव्हतं, ते नऊ वजाबाक्यांनी दिलं. मिस्त्री हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी त्यांना तसं हसताना आधी कधी बघितलं नव्हतं. "आणि ज्या एकशे नव्व्याण्णवने शेवटी मला नाही म्हटलं," ते म्हणाले, "तोच बाजू होऊन आला!"

एकशे नव्व्याण्णवचा एक मोठा चौरस आणि साठचा एक लहान. तीन मीटरला दीड सेंटीमीटर कमी, आणि नव्वद सेंटीमीटर. पुठ्ठ्यावर मापाने काढून त्यांनी शेजारी शेजारी ठेवले तेव्हा मी पटकन म्हटलं, "आई आणि मूल." मिस्त्री म्हणाले, "ते तुम्ही म्हणा. मी चौरस म्हणतो."

डॉक्टरीणबाईंना पटवणं मात्र सोपं गेलं नाही. चौकट भिंतीला लागली होती, ती काढायची म्हणजे भिंत फुटणार. उद्घाटनाची पत्रं गेली होती. त्या वाईट बाई नव्हत्या, थकल्या होत्या. म्हणाल्या, "मिस्त्री, मला सांगा, कोण मोजणार आहे? पुढच्या शंभर वर्षांत एक तरी माणूस इथे उभा राहून त्रेचाळीस हजार तुकडे मोजणार आहे का?"

"नाही मोजणार. म्हणून तर आपण बरोबर लावायचे. लोक मोजणार असते तर त्यांनीच चूक पकडली असती, आपण निवांत राहिलो असतो."

"आणि उद्या आणखी कुणी आलं तर? अशीच एखादी वही घेऊन? तेव्हा काय, पुन्हा भिंत फोडायची?"

मिस्त्री क्षणभरही थांबले नाहीत. "आलं तर पुन्हा दोनपासून भागाकार. आकडा त्यांचा, कष्ट माझे."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, मला पाच आठवडे द्या. या वेळी रजिस्टरं नाही, सगळं कपाट बघते. फाइली, वह्या, बिलांच्या मागचे कागद, सगळं." हे मी मिस्त्रींच्या भिडेने म्हटलं असं लोकांना वाटलं. तसं नव्हतं. ती सातवी ओळ माझ्या हातून सुटली होती.

उद्घाटन पुढे गेलं.

पाच आठवडे मी धूळ खाल्ली. रुग्णवाहिकेच्या वह्या काढल्या, लिफ्टमध्ये झालेलं एक बाळंतपण सापडलं (ते रजिस्टरात होतं), जुळ्यांच्या नोंदी दोनदा ताडून बघितल्या. शेवटी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर सही करून कागद ठेवला: त्रेचाळीस हजार दोनशे एक. कमी नाही, जास्त नाही.

तोवर मिस्त्रींनी चौकट उतरवली होती. वेल्डिंगवाल्याकडून तिच्या दोन करून घेतल्या, भिंत भरून घासली आणि ओळंबा लावून बघितली. तयार झालेले साठ कागद तसेच कामी आले, एकही फाडावा लागला नाही. मोठ्या चौरसात एक्क्याऐंशी पूर्ण कागद, कडेला एकोणीस तुकड्यांच्या अठरा पट्ट्या, आणि कोपऱ्यात एकोणीस बाय एकोणीसचा एक लहानगा. लहान चौरसात नऊ कागद. "बघा, कुठे कापावं लागलं का?" ते ज्याला त्याला विचारत. इंजिनिअरलाही विचारलं. तो खाली वाकून कोपरा बघत राहिला, मग म्हणाला, "नाही हो, मिस्त्री." ओळंबा म्हणाला नाही.

शेवटच्या कागदाआधी मिस्त्रींनी पडदे शिवणाऱ्या बाईंना निरोप धाडला. त्या आल्या तेव्हा मोठ्या चौरसाचा एक कागद टेबलावर होता, वीस बाय वीसचा, आणि त्यात मध्यावर कुठेतरी एक जागा रिकामी. पोत्यात हात घालून त्यांनी बाईंपुढे मूठभर तुकडे धरले. "यातला कुठलाही घ्या."

बाईंनी बराच वेळ लावला. फिकट हिरवा घेतला, पदराने पुसला, डिंक लावून बसवला. हात स्थिर होता. शिवणाचा हात तो. मिस्त्रींनी काटकोन लावून बघितला. "एक केस डावीकडे," म्हणाले. बाईंनी नखाने सरकवला.

"हां. आता सरळ."

कागद भिंतीवर चढला, मसाल्याने धरला, सोलून निघाला. सांधे भरून, पुसून झाल्यावर बाई समोर उभ्या राहिल्या आणि शोधू लागल्या. फिकट हिरवे तुकडे तिथे हजारांनी होते. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मला धास्ती वाटली, त्या रडतील. त्या वळल्या आणि म्हणाल्या, "सापडत नाही." चेहऱ्यावर कित्येक वर्षांचा ताण सैल झाला होता. "छान झालं. सगळ्यांत गेली."

उद्घाटनाला मिस्त्री आले नाहीत. दुसरीकडे कुणाच्या स्वयंपाकघराचं काम लागलं होतं.

पुढच्या वर्षी भाऊजींनी त्यांना कॉलेजात बोलावलं. मी सोबत गेले. ते इस्त्रीचा सदरा घालून आले होते, बगलेत पुठ्ठ्यांचा गठ्ठा. साठ-सत्तर मुलंमुली बसली होती. मिस्त्रींनी भाषण वगैरे केलं नाही. एकेक पुठ्ठा उचलायचा, "सातने चार उरले, अकराने चार उरले," असं वाचायचं आणि फळ्याला टेकवून ठेवायचा. पहिल्या दहा पुठ्ठ्यांना पोरं खुसुखुसु हसली. विसाव्यापर्यंत गप्प झाली. सत्तेचाळिसाला त्यांनी आपली चूक सांगितली, लपवली नाही. एकशे नव्व्याण्णवला अठरा उरले तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी "अरेरे" म्हणालं.

शेवटी एका मुलीने विचारलं, "काका, पण पुस्तकात कोष्टक असतं. त्यात बघितलं असतं तर मूळ संख्या आहे हे एका मिनिटात कळलं असतं. अकरा दिवस वाया नाही गेले?"

मिस्त्रींनी विचार केला. "कोष्टकाने मला सांगितलं असतं की होत नाही," ते म्हणाले. "मी आपला विश्वास ठेवला असता आणि कोरे तुकडे भरून मोकळा झालो असतो. एकेकाला विचारून नाही ऐकलं ना, म्हणून दुसरं काही असेल का, ते विचारायची हिंमत आली."

टाळ्या झाल्या. भाऊजी आभार मानत होते, पण मिस्त्रींचं लक्ष खाली होतं. फळ्याजवळची एक फरशी त्यांच्या बुटाखाली हलत होती. त्यांनी टाच दाबून बघितली, वाकून नखाने कड उचकटली आणि भाऊजींचं बोलणं मध्येच तोडून विचारलं, "उद्या सकाळी तास किती वाजता सुरू होतो? त्याच्या आधी येऊन बसवून जातो."

दुसऱ्या दिवशी सात वाजता ते घमेलं घेऊन दारात हजर होते.